तुमची पत्रं, माझी उत्तरं : पेरी मेसन लिहिणारा वकील

मागच्या अंकात एका उत्तरात मी लिहिलं होतं की पेरी मेसन या वकील नायकाच्या रहस्यकथा लिहिणारा अमेरिकन लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वीसेक वर्षं वकिली केलेला माणूस होता आणि ते माहीत नसेल तर त्याची पुस्तकं अर्धीच कळतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळी अख्खं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, पण एकाच प्रकारचे प्रश्न एकत्र केलेत, म्हणजे बहुतेकांना आपलं उत्तर सापडेल.

बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत पेरी मेसनची चाळीसेक जुनी पुस्तकं सापडली. पानं पिवळी पडलीत. मी रहस्यकथा फारशा वाचलेल्या नाहीत. नंबरानं वाचायला हवीत का, सुरुवात कुठून करू? (नाशिक)

नंबराची अजिबात गरज नाही. मेसनच्या एकूण ८२ कादंबऱ्या आहेत, पहिली १९३३ची आणि शेवटची गार्डनर गेल्यावर १९७३ मध्ये आलेली, पण चाळीस वर्षांत मेसन म्हातारा होत नाही, त्याची सेक्रेटरी डेला स्ट्रीट तशीच राहते, डिटेक्टिव्ह पॉल ड्रेक पण तसाच, त्यामुळे हाताला लागेल ते उचललं तरी चालतं.

तरी माझं ऐकायचं तर ट्रंकेत 'द केस ऑफ द हाउलिंग डॉग' आहे का बघा, १९३४चं. एक माणूस मेसनकडे येतो आणि म्हणतो शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर रडतोय, आणि त्याच दमात विचारतो की मला मृत्युपत्र करायचंय. बस, एवढ्यावर पुस्तक सुरू होतं आणि आपण अडकतो. 'काउंटरफिट आय' मध्ये काचेचा डोळा चोरीला गेलेला अशील येतो, 'केअरटेकर्स कॅट' मध्ये एका म्हाताऱ्या रखवालदाराला घरात मांजर ठेवू देत नाहीत म्हणून तो वकिलाकडे येतो. बाकीचे वकील ज्यांना दारातूनच परत पाठवतील अशी ही माणसं. पहिलं पुस्तक 'व्हेल्वेट क्लॉज' मात्र थोडं उशिरा वाचा, त्यातला मेसन जरा राकट आहे, अजून घडतोय.

पुस्तकं उघडताना जपा, जुन्या पेपरबॅकचा गोंद सुकलेला असतो, पूर्ण उघडून पालथं ठेवलं की पानं सुटतात. कसर लागली असेल तर मऊ कोरड्या ब्रशनं एकेक पान झाडा. आणि बाबांनी कुठे पेन्सिलीनं खूण केली असेल, आत बसचं तिकीट ठेवलं असेल तर ते काढू नका. मी फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलेल्या एका प्रतीत कोणीतरी शेवटच्या पानावर खुन्याचं नाव आधीच ओळखून तारीख टाकून ठेवली होती, मला त्या अनोळखी वाचकाची आजही आठवण येते, तुमच्याकडे तर वडिलांचं अक्षर असेल.

एवढी पुस्तकं एकट्या माणसानं लिहिणं शक्य आहे का? आमच्या वाचनालयात यावरून वाद झाला. एकाचं म्हणणं पगारी लेखक ठेवले असणार. (कोल्हापूर)

वादात पडताना आधी आपल्या बाबूराव अर्नाळकरांची आठवण काढा, हजाराच्या वर रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत, म्हणजे हात चालता असला की माणूस काय करू शकतो हे आपल्याला नवीन नाही.

गार्डनरचं असं झालं. जन्म १८८९चा, मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन गावचा, पण वाढला कॅलिफोर्नियात. लॉ कॉलेजात जेमतेम महिनाभर टिकला, बॉक्सिंगच्या भानगडीत तिथून बाहेर पडला आणि मग एका वकिलाच्या ऑफिसात काम करत स्वतःच कायदा वाचून १९११ मध्ये बारची परीक्षा पास झाला. मासिकांत लिहायला लागला तो १९२१च्या सुमारास, दिवसा कोर्ट आणि रात्री टाइपरायटर. 'ब्लॅक मास्क' नावाच्या मासिकाकडे पाठवलेल्या एका गोष्टीवर आतल्या लोकांनी जे वाईट शेरे मारले होते ते चुकून त्याच्यापर्यंत पोचले. दुसरा कोणी असता तर चिडला असता. त्यानं ते शेरे समोर ठेवून तीन रात्रीत गोष्ट पुन्हा लिहिली, दोन बोटांनी टाइप करायचा, बोटांची कातडी फाटून रक्त यायला लागलं तेव्हा चिकटपट्टी लावून टाइप करत राहिला. ती गोष्ट १९२३ मध्ये छापून आली, तीही टोपणनावानं.

मग त्यानं स्वतःला कोटा लावून घेतला, वर्षाला बारा लाख शब्द. हिशेब केलात तर वर्षातले तीनशे दिवस रोज चार हजार शब्द होतात, आणि हे वकिली सांभाळून. पैसे शब्दावर मिळायचे, शब्दाला काही सेंट, त्यामुळे त्याचे नायक शेवटच्या गोळीपर्यंत नेम चुकायचे, कारण प्रत्येक 'धाड' चे पैसे वेगळे मिळत होते, हे तो स्वतः मोकळेपणानं सांगायचा. प्लॉट सुचायला त्यानं पुठ्ठ्याच्या चकत्या केल्या होत्या, एकीवर अडचणी लिहिलेल्या, दुसरीवर आणखी काही, फिरवायची आणि जे समोर येईल त्यावर डोकं चालवायचं.

पुढे तो डिक्टेट करायला लागला, आणि इथेच तुमच्या मित्राचा गैरसमज झाला असणार. त्याच्याकडे सेक्रेटऱ्यांची टीम होती, त्यात जीन बेथेल आणि तिच्या दोन बहिणी, आणि कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलाजवळच्या त्याच्या रँचवर एक पुस्तक टाइप होत असताना दुसरं तो बोलून सांगत असायचा. तो स्वतःला गोष्टींचा कारखाना म्हणवून घ्यायचा, पण कारखान्यात डोकं एकच होतं. वाक्यं वाचली की कळतं, ती बोललेली वाक्यं आहेत, लिहिलेली नाहीत, म्हणूनच संवाद इतके पळतात. ज्या जीनवरून डेला स्ट्रीट सुचली असं सगळे मानतात तिच्याशी त्यानं १९६८ मध्ये लग्न केलं, पहिली बायको वारल्यावर, ती दोघं १९३०च्या दशकापासूनच वेगळी राहत होती.

सगळं मिळून दीडशेच्या आसपास पुस्तकं आणि शेकड्यानं गोष्टी.

ए. ए. फेअर म्हणजे पण तोच ना? (पुणे)

हो तोच, ए. ए. फेअर हे त्याचं टोपणनाव, त्या नावानं त्यानं दुसरी सिरीज लिहिली. त्यात बर्था कूल नावाची जाडजूड, पैशाला घट्ट, तोंडानं फटकळ बाई डिटेक्टिव्ह एजन्सी चालवते आणि तिच्याकडे डोनाल्ड लॅम नावाचा किडकिडीत पोरगा काम करतो, जो दर पुस्तकात मार खातो पण डोक्यानं सगळ्यांना भारी पडतो. लॅम मुळात वकील, पण कायद्यातल्या एका फटीतून खून करून सुटता येतं असं बोलून बसला म्हणून त्याची वकिली गेलेली. ती फट खरोखर काय होती ते १९३९च्या 'द बिगर दे कम' मध्ये आहे, कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या दोन राज्यांमधल्या आरोपी सोपवण्याच्या नियमांवर ते बेतलंय, मी फोडत नाही. मला मेसनपेक्षा ही सिरीज जास्त आवडते, भाषा खमंग आहे. या सिरीजसाठी लिहिलेली आणि तेव्हा प्रकाशकानं नाकारलेली 'द नाइफ स्लिप्ड' ही कादंबरी तर थेट २०१६ मध्ये छापून आली, तो जाऊन ४६ वर्षं झाल्यावर.

ताई, मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेरी मेसनमधलं कोर्ट खरं असतं का? साक्षीदार उभ्या उभ्या कबुली कसा देतो? आणि सरकारी वकील दर वेळी हरतो हे पटत नाही. (लातूर)

तुझा प्रश्न मला फार आवडला कारण यातलं खरं काय आणि बनवलेलं काय हे वेगळं करता आलं की गार्डनर दुप्पट आवडायला लागतो.

बनवलेलं आधी. साक्षीदारानं पिंजऱ्यात कोसळून 'हो मीच केला' म्हणणं हे कोर्टात होत नाही, गार्डनरलाही ते माहीत होतं. मेसन पुराव्याशी जे करतो, पिस्तूल इकडचं तिकडे, साक्षीदाराला आधीच गाठणं, ते तू केलंस तर सनद जाईल, त्यामुळे तिथे त्याच्याकडून शिकू नकोस. सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर हरतो कारण मेसन जिंकायला हवा, एवढंच. तरी 'टेरिफाइड टायपिस्ट' नावाचं १९५६चं पुस्तक शोध, त्यात ज्युरी मेसनच्या अशिलाला चक्क दोषी ठरवते, पुढचं तिथेच वाच.

आता खरं काय. नीट बघ, बऱ्याच कादंबऱ्यांत कोर्टाचा मोठा सीन हा मुख्य खटल्याचा नसतोच, ज्युरीच नसते, ती प्रिलिमिनरी हिअरिंग असते. म्हणजे आरोपीला वरच्या कोर्टात पाठवण्याइतका पुरावा आहे का एवढंच मॅजिस्ट्रेट बघतो. खऱ्या आयुष्यात बचावाचा वकील इथे बहुतेक वेळा गप्प बसतो, आपले पत्ते कशाला दाखवा म्हणून. मेसन उलट इथेच सगळं उधळतो, कारण लेखकाला ज्युरी निवडण्याची पानं वाचतात आणि उलटतपासणी मात्र पूर्ण मिळते. आपल्याकडे पण जुन्या १८९८च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडमध्ये कमिटलच्या वेळी, म्हणजे केस सेशन्स कोर्टात पाठवताना, मॅजिस्ट्रेटसमोर साक्षी व्हायच्या, १९७३च्या कोडनं ते जवळपास काढून टाकलं, तुझ्या सरांना विचार, ते छान समजावतील.

आणि उलटतपासणीची रीत खरी आहे, अगदी खरी. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावात गार्डनर तरुण असताना त्याचे बरेच अशील चिनी होते, ज्यांची केस घ्यायला गावातले बाकी वकील फारसे उत्सुक नसायचे. एकदा लॉटरीची तिकिटं विकल्याबद्दल वीसेक चिनी दुकानदारांवर वॉरंट निघणार होती. गोष्ट अशी सांगतात की गार्डनरनं रातोरात सगळ्यांच्या जागा बदलल्या, लाँड्रीवाल्याच्या जागी भाजीवाला, भाजीवाल्याच्या जागी तिसराच, आणि अधिकाऱ्यांनी येऊन भलत्याच माणसांना त्या त्या दुकानदाराच्या नावानं पकडलं. ज्यानं शपथेवर 'यालाच मी पाहिलं' म्हणायचं त्याला चेहरे वेगळे ओळखताच येत नव्हते हे कोर्टापुढे उघडं पडलं. मेसनच्या किती पुस्तकांत ओळख पटवणारा साक्षीदार असाच फसतो ते मोज. ती गंमत त्यानं ऑफिसात बसून रचलेली नाही, आपल्यासारख्या न दिसणाऱ्या माणसाला 'हाच तो' म्हणणं किती सोपं असतं हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

अजून एक, अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर लहानपणी पेरी मेसनची टीव्ही मालिका बघून कायद्याकडे वळल्या, २००९ मध्ये नेमणुकीच्या सुनावणीत सेनेटरनं त्यांना त्यावर प्रश्नही विचारला. त्यांना भावला होता तो मेसन नव्हे, सरकारी वकील, जो एका भागात म्हणतो की निर्दोष माणूस सुटला तरी माझं काम झालंच. तू उद्या कोणत्याही बाजूनं उभी राहिलीस तरी हे लक्षात ठेव.

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. दहा मेसन वाचले, सगळे एकसारखे. माणसं कागदाची, बायका एकतर सुंदर अशील नाहीतर खोटारड्या, मेसनला घरदार नाही, भूतकाळ नाही. याला मोठा लेखक का म्हणायचं? (ठाणे)

राग कशाचा, यातलं बरंचसं मला मान्य आहे. सलग वाचले तर सहाव्या पुस्तकाला मीही दमते. वर्णन जवळपास नाहीच, मेसन काय खातो ते कळतं, स्टेक आणि कॉफी, पण त्याला रात्री झोप का लागत नाही ते कधीच कळत नाही. सुरुवातीच्या मासिकांतल्या गोष्टींमध्ये चिनी पात्रं आहेत, गार्डनर १९३१ मध्ये चीनला जाऊन आला होता, त्याला त्या लोकांबद्दल खरा आदर होता, तरी त्या काळचे ठोकळे त्याच्याही हातून सुटलेले नाहीत.

पण बांधणी बघा हो. १९३३ मध्ये, मंदी भयंकर, बँका बुडतायत, माणसाला वाटतंय की मोठ्या यंत्रणेपुढे आपलं कोणी नाही, आणि तेव्हा हा एक माणूस लिहितो ज्याच्या दारात कोणीही यावं, सगळा पुरावा त्या येणाऱ्याच्या विरुद्ध असावा, अगदी तो खोटंही बोलत असावा आणि तरी एक जण शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं उभा राहावा. एकसारखेपणा आहे तो इथे आहे. वाचक त्याच्यासाठीच परत परत यायचा आणि कोट्यवधी प्रती त्याच्यासाठीच खपल्या. माणसं कागदाची असतील पण भीती खरी आहे, न केलेल्या गोष्टीसाठी पकडलं जाण्याची. तुम्ही दहा वाचलेत म्हणजे तीन-चार महिन्यांनी एक असं करून बघा, आणि मेसनऐवजी वर सांगितलेली कूल-लॅमची घ्या, बर्था कूल कागदाची नाही एवढं मी खात्रीनं सांगते.

रेमंड बर या नटाची जुनी पेरी मेसन मालिका बघणाऱ्या सासऱ्यांकडून आम्ही खूप ऐकलंय, आणि मुलानं हल्लीची एचबीओची बघितली. दोघांचं पटत नाही. खरा मेसन कुठला? (न्यू जर्सी)

पुस्तकाच्या जवळचा सासऱ्यांचा, कारण ती मालिका गार्डनरच्या नजरेखाली झाली. १९३०च्या दशकात वॉर्नर ब्रदर्सनं सहा सिनेमे काढले होते, एकात तर मेसन आणि डेलाचं लग्नच लावून दिलं, आणि गार्डनर इतका वैतागला की पुढे टीव्हीला हक्क देताना स्वतःची भागीदारी असलेली पैझानो प्रॉडक्शन्स ही कंपनीच काढली, स्क्रिप्ट तपासायचा, कायद्याच्या चुका काढायचा. २१ सप्टेंबर १९५७ ते २२ मे १९६६, २७१ भाग. शेवटच्या भागात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला म्हातारा म्हणजे स्वतः गार्डनर, सासऱ्यांना नक्की सांगा.

एचबीओचा २०२० आणि २०२३चा, मॅथ्यू ऱ्हीसवाला, तो वेगळाच माणूस आहे, आधी डिटेक्टिव्ह, युद्धातून मोडून आलेला, मग वकील होतो. मला बघायला आवडला, त्यातलं मंदीतलं लॉस एंजेलिस फार देखणं आणि फार उदास आहे. पण ठाण्याच्या बाईंना हवा असलेला भूतकाळ त्यात दिलाय आणि नेमका त्यामुळे तो मेसन राहत नाही असं माझं मत.

कोर्टात बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. ऐकलंय की गार्डनरनं खऱ्या कैद्यांना सोडवलं. खरं का? (रत्नागिरी)

खरं, आणि हेच सांगायला मी एवढी जागा मागून घेतली.

१९४०च्या दशकात लिंडली नावाचा एक माणूस कॅलिफोर्नियात फाशीची वाट बघत होता, युबा सिटीजवळ एका मुलीच्या खुनासाठी. त्याच्या वकिलानं कागद गार्डनरकडे पाठवले. गार्डनरनं सगळ्या साक्षी काढून कोण किती वाजता कुठे होतं याचं मिनिटामिनिटाचं कोष्टक मांडलं आणि त्यातून दिसलं की ज्या वेळी खून झाला त्या वेळी लिंडली तिथे असूच शकत नव्हता, दुसऱ्याच साक्षीदाराच्या डोळ्यांसमोर होता. तुम्ही बत्तीस वर्षं कोर्टात काढलीत, तुम्हाला माहीत असेल, प्रत्येक साक्ष वेगवेगळी वाचली तर ठीक वाटते, शेजारी शेजारी ठेवली की बोंब कळते, पण शेजारी ठेवायला कोणाला तरी वेळ हवा ना. फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली.

मग 'आर्गसी' मासिकाचे प्रकाशक हॅरी स्टीगर आणि तो यांनी मिळून १९४८ मध्ये 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' सुरू केलं. नाव कोर्ट, अधिकार शून्य. कायद्याचे सगळे रस्ते संपलेत, खिशात पैसा नाही आणि तरी माणूस निर्दोष वाटतोय अशाच केसेस. न्यायवैद्यक डॉक्टर लमॉइन स्नायडर, खासगी डिटेक्टिव्ह रेमंड शिंडलर, लाय डिटेक्टरवाले लिओनार्ड कीलर, असे लोक फी न घेता काम करायचे, खर्च मासिक करायचं, आणि निकाल द्यायचा वाचकांनी, म्हणजे लोकांचा दबाव गव्हर्नरपर्यंत पोचायचा. पहिलीच केस क्लॅरन्स बॉगीची, वॉशिंग्टन राज्यातला लाकूडतोड्या, स्पोकेनमधल्या १९३३च्या एका खुनासाठी वॉला वॉलाच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. तो सुटला.

लाय डिटेक्टरवर त्यांनी जेवढा विश्वास टाकला तेवढा आज कोणी टाकणार नाही, आपल्या सुप्रीम कोर्टानंही २०१०च्या सेल्वी केसमध्ये संमतीशिवाय तसली चाचणी करायला मनाई केली. पण बाकी काम बघा, पुरावा परत तपासणं, साक्षीदाराला परत गाठणं, निर्दोष कैद्यांना सोडवणारा न्यूयॉर्कचा इनोसन्स प्रोजेक्ट १९९२ मध्ये सुरू झाला, त्याच्या चाळीसेक वर्षं आधी हा गोष्टी लिहिणारा माणूस ते करत होता. आणि वेळ कुठून आणत होता? त्याच वर्षांत मेसनची वर्षाला दोन-तीन पुस्तकं येतायत, टेमेक्युलाच्या रँचवर तुरुंगातून पत्रं येतायत, आणि ती वाचायला तो बसतोय. या कामावरचं त्याचं त्याच नावाचं पुस्तक १९५२चं, त्याला सत्य गुन्हेकथेचं एडगर, म्हणजे अमेरिकेतल्या रहस्यलेखकांच्या संघटनेचं पारितोषिक मिळालं. मेसनच्या कुठल्याही कादंबरीला कधी एडगर मिळालं नाही, यालाच मिळालं. मेसन एकही वाचला नाहीत तरी चालेल पण हे मिळवून वाचा.

मी ऑस्टिनला असते. मैत्रीण म्हणाली गार्डनरचं सामान आमच्या युनिव्हर्सिटीत आहे? (टेक्सास)

आहे, हॅरी रॅन्सम सेंटरला. त्याचे कागद, हस्तलिखितं, त्या पुठ्ठ्याच्या प्लॉटच्या चकत्या. रीडिंग रूममध्ये नाव नोंदवून कागद मागवता येतात. चकत्या बघाच, पण वेळ असेल तर कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्टच्या फायली मागा, आणि त्यातलं एखादं जरी पत्र वाचलंत तर मला लिहा, पुढच्या अंकात थोडी जागा मी राखून ठेवते.